दोष विकत घेताना

जुनी गाडी घ्यावी की नाही, हा प्रश्न आपल्याकडे हिशेबाचा म्हणून विचारला जातो. किती चालली आहे, टायर कितपत उरलेत, पासिंग कधीपर्यंत आहे, इंजिनाचं काम निघालं तर किती जातील, आणि एवढं सगळं धरून मालक किती खाली येईल. शेवटी एक आकडा उरतो. तो झेपला तर गाडी घ्यायची, नाही झेपला तर सोडून द्यायची. या व्यवहारात नीतीचा प्रश्न निघालाच तर तो विकणाऱ्याबद्दल निघतो: त्यानं खरं सांगितलं का? घेणारा फार तर फसतो. घेतल्याबद्दल त्याच्यावर काही नैतिक जबाबदारी येते, असं सहसा कोणी म्हणत नाही.

मला तेच म्हणायचं आहे. दोष माहीत असून जो गाडी घेतो, त्याच्यावर जबाबदारी येते, आणि कधी कधी ती विकणाऱ्यापेक्षा जड असते. हे म्हणणं पुण्या-मुंबईत, जिथे बंद पडलेली गाडी कडेला लावून रिक्षा पकडता येते, तिथे थोडं पुस्तकी वाटेल. म्हणून ते कुडपणला नेऊन तपासू.

कुडपण हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पोलादपूर तालुक्यातलं डोंगरातलं गाव. एका अंगाला साताऱ्याचा डोंगरमाथा, दुसऱ्या अंगाला रत्नागिरीतला खेड तालुका. पावसाळ्यात धबधबे बघायला जाणाऱ्यांना ते ठाऊक असतं. शेती भात, नाचणी, वरीची. कामाधंद्याची बरीच माणसं मुंबईला. गणपतीला आणि शिमग्याला घरं भरतात. बाजार, बँक, सरकारी कचेरी, मोठा दवाखाना हे सगळं खाली पोलादपूरला, नाहीतर त्याच्याही पुढे महाडला. म्हणजे जे करायचं ते घाट उतरून आणि परत चढून.

अशा ठिकाणी पिकअप ही नुसती मालाची गाडी राहत नाही. सकाळी तिच्यात सिमेंटच्या गोण्या आणि पत्रे असतात, दुपारी गॅसच्या टाक्या, लग्नसराईत मांडवाचं सामान आणि त्या सामानावर बसलेली माणसं. रात्री कोणाच्या छातीत दुखायला लागलं आणि १०८ची गाडी वर यायला वेळ लागणार असेल, तर दार वाजतं ते पिकअपवाल्याचं. गाडी एकाची, पण तिच्यावर विसंबलेले अख्ख्या वाडीचे.

आता समजा, मुंबईतली नोकरी संपवून गावी परतलेला एक चाळिशीचा माणूस अशी पिकअप बघतो आहे. गाडी दहा वर्षांची. याच वयाची धडधाकट गाडी समजा साडेचार लाखांना मिळेल. ही तीन लाखांना मिळते आहे. कारण इंजिन. चढाला तापतं. ऑइल खातं. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं की भसाभस धूर येतो, गॅरेजवाल्यांच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन मारतं. क्लच दाबून गाडी सावकाश आणली की मधेच बंद पडतं. ओळखीचा मिस्त्री म्हणतो, इंजिन उतरवून बांधावं लागेल, लाख-सव्वा लाख धरा. आणि वर सांगतो, "पण भाऊ, घाई नाही. सांभाळून चालवलीत तर अजून दोन वर्षं खेचेल."

सगळा प्रश्न त्या 'खेचेल'मध्ये आहे.

आधी विकणाऱ्याचं बघू, कारण त्याच्याबद्दल माणसं फार पूर्वीपासून भांडत आली आहेत. रोमन वक्ता सिसरो यानं इसवी सनापूर्वी ४४ मध्ये कर्तव्यांवर जे पुस्तक लिहिलं, त्याच्या तिसऱ्या भागात एक व्यापारी येतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे, आणि हा अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन तिथे पोचतो. मागून आणखी जहाजं येत आहेत, हे याला ठाऊक आहे, गावाला नाही. त्यानं ते सांगावं, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? त्याच जागी सिसरो दुसरं उदाहरण देतो: घर विकायचं आहे, लाकूड कुजलेलं आहे, आणि ते मालकाशिवाय कोणाला माहीत नाही. यावर तो दोन तत्त्वज्ञांना समोरासमोर उभं करतो. डायोजेनिसचं म्हणणं असं, की लपवणं वेगळं आणि न सांगणं वेगळं. कायद्यानं जेवढं सांगायला लावलंय तेवढं सांगितलं की झालं. अँटिपेटरचं म्हणणं, की विकणाऱ्याला जे माहीत आहे ते घेणाऱ्याला माहीत असायलाच हवं. सिसरो स्वतः अँटिपेटरच्या बाजूला जातो.

आपला कायदा बराचसा डायोजेनिसच्या बाजूला आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्यातलं १७वं कलम फसवणुकीची व्याख्या करतं, आणि तिथे एक घोडा आहे. 'अ'ला माहीत आहे की घोडा धड नाही. तो लिलावात 'ब'ला विकतो आणि काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पण 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच सांगणं हे 'अ'चं कर्तव्य होतं. किंवा 'ब' म्हणाला, की तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर मी घोडा धड आहे असं धरून चालेन, आणि 'अ' गप्प राहिला, तर ती चुप्पी बोलण्यासारखीच धरली जाईल. नुसतं गप्प राहणं चालतं. मुद्दाम झाकणं चालत नाही. गिऱ्हाईक येण्याआधी अर्धा तास इंजिन गरम करून ठेवणं, धूर दिसू नये म्हणून जाड ऑइल भरणं, गळती कळू नये म्हणून इंजिन धुऊन चकाचक करणं, या गोष्टी गप्प राहण्यात बसत नाहीत. ते तोंड न उघडता खोटं बोलणं आहे.

त्याच कायद्याचं १९वं कलम पुढे सांगतं, की अशा चुप्पीमुळे झालेला करारही मोडता येत नाही, जर घेणाऱ्याला साधारण दक्षता घेऊन खरं काय ते कळण्यासारखं होतं. म्हणजे डोळे उघडे ठेवायचं काम घेणाऱ्याचं. चालवून बघ, झाकण काढून बघ, मिस्त्री ने.

आपल्या माणसानं हे सगळं केलं. मिस्त्री नेला, झाकण काढलं, धूर बघितला. विकणाऱ्यानंही खरं सांगितलं. सिसरोच्या दोन्ही तत्त्वज्ञांचं समाधान व्हावं असा व्यवहार. फसवणूक नाही, लपवाछपवी नाही, किंमत दोघांना मान्य. इथे बहुतेकांच्या दृष्टीनं नीतीचा प्रश्न संपतो. माझ्या मते तो इथे सुरू होतो.

कारण दोषाची माहिती आता हलली आहे. काल ती विकणाऱ्याकडे होती, आज घेणाऱ्याकडे आहे. ती लिहून ठेवण्याची सोय कुठेच नाही. गाडी नावावर करताना फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरतात. त्यांत इंजिनाचा नंबर असतो, इंजिनाची तब्येत नसते. २२ जुलै २०२१च्या पुरात महाड आणि चिपळूणमध्ये गाड्या बुडाल्या. अशी गाडी धुऊन, वाळवून, चालू करून बाजारात आणली, तर तिनं पाण्यात काढलेली रात्र या फॉर्मांत कुठे दिसणार? गाडीचा दोष एका माणसाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात जातो, आणि कोणी तरी मधेच तोंड मिटलं की तो हरवतो. गाडीत मात्र राहतो.

आणि घेणाऱ्याला या माहितीचे पैसे मिळाले आहेत. इथे थोडं थांबायला हवं. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. त्या कामासाठी २००१मध्ये त्यांना नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्यांचा मुद्दा असा, की घेणाऱ्याला चांगली गाडी आणि वाईट गाडी ओळखता येत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच कमी भाव देतो, आणि मग चांगल्या गाडीचे मालक बाजारातून निघून जातात. ती अज्ञानाची सूट. घेणारा अंधारात उडी मारतो, आणि त्या धोक्याचे पैसे कापून घेतो. आपल्या माणसाला मिळालेले दीड लाख त्या जातीचे नाहीत. त्याला अंधार नव्हता. त्याला कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच सूट मिळाली. ही माहितीची सूट आहे. ती ज्यानं घेतली, त्याला उद्या 'मला काय माहीत' म्हणायची सोय राहत नाही.

यावर कोणी म्हणेल, असू दे. दोष त्याला माहीत आहे, गाडी त्याची, पैसे त्याचे. इंजिन बसलं तर भुर्दंड त्यालाच. यात दुसऱ्याचं काय जातं?

सपाटीवर हे जवळजवळ खरं आहे. घाटात नाही, आणि त्याचं कारण यंत्रात आहे. आपण 'इंजिनाचा बिघाड' आणि 'ब्रेकचा बिघाड' असे दोन कप्पे करतो; पहिला खर्चाचा, दुसरा जिवाचा. पण अशा डिझेल गाडीत ब्रेकच्या पॅडलला जो हलकेपणा असतो, तो इंजिनानं फिरवलेल्या व्हॅक्यूम पंपामुळे असतो. इंजिन बंद पडलं की साठलेल्या व्हॅक्यूमवर एखाद-दोनदा पॅडल नीट दबतं, आणि मग दगडासारखं घट्ट होतं. ब्रेक नाहीसा होत नाही, पण भरलेली गाडी नुसत्या पायाच्या जोरावर थांबवायची पाळी येते. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही त्याच क्षणी जड होतं. गाडी गिअरमध्ये असेपर्यंत चाकंच इंजिन फिरवत राहतात, म्हणून जाणता ड्रायव्हर उतारावर खालच्या गिअरमध्ये येतो. पण वळणावर गिअर बदलायला क्लच दाबला, किंवा डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकली, की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. नेमकं तेव्हाच हे इंजिन बंद पडतं. चढाचं वेगळं. तिथे ते तापून थांबतं, आणि मागच्या चाकाला दगड लावायला कोणी तरी अंधारात उडी टाकून उतरावं लागतं.

म्हणजे मिस्त्रीच्या 'खेचेल'चा अर्थ इंजिनापुरता होता. इंजिन दोन वर्षं खेचेलही. गाडीत बसलेल्यांचं काय, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

ते बसलेले कोण? ८ जानेवारी २०२१ला कुडपणजवळ लग्नाचं वऱ्हाड घेऊन जाणारा ट्रक दरीत कोसळला. किमान तिघांचा जीव गेला, कित्येक जखमी झाले. त्या ट्रकच्या यंत्राबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. मुद्दा एवढाच, की मालाच्या गाडीत माणसं असतात, हे या भागात कल्पनेतलं उदाहरण नाही. ती असतात, कारण वेळेवर दुसरं काही नसतं.

आणि कायद्याच्या दृष्टीनं ही माणसं जवळजवळ नसतातच. १९९४च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातल्या सक्तीच्या विम्यात मालगाडीतल्या मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी येतो. नुसता प्रवासी म्हणून हौद्यात बसलेला येत नाही. आशा राणी आणि बलजित कौर या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानं हेच धरलं. दुसऱ्या खटल्यात विमा कंपनीनं आधी पैसे द्यावेत असं सांगितलं, पण नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करायला मोकळीक देऊन. भार शेवटी मालकावरच.

आता ते कलम १९ आठवा: साधारण दक्षता घेऊन ज्याला कळण्यासारखं होतं, त्यानं तक्रार करू नये. गाडी घेणाऱ्याला हे लागू आहे. हौद्यात चढणाऱ्या म्हातारीला कसं लागू होईल? ती ऑइलचं झाकण काढून बघणार नाही. तिला सवलत मिळालेली नाही. "दादा, मला खाली सोडशील का?" एवढंच ती विचारते, आणि दादा हो म्हणतो तेव्हा गाडी धड आहे असं धरून चालते. करार कायद्यातला तो घोडा इथे परत येतो, फक्त आता गप्प राहणारा जुना मालक नाही. नवा मालक आहे. आणि त्या कायद्यानं मुलीच्या बाबतीत जे म्हटलं, की नातं असेल तर बोलणं हेच कर्तव्य, ते ज्या गावात हौद्यातलं प्रत्येक माणूस कोणाची तरी काकू, मामा, वहिनी असतं, तिथे कसं टाळायचं?

याच्याविरुद्ध एक आक्षेप आहे, आणि तो मला हलका वाटत नाही. तो असा: हे सगळं पोट भरलेल्यांचं नीतिशास्त्र आहे. नव्या पिकअपचा हप्ता ज्याला झेपत नाही, बँक ज्याला दारात उभं करत नाही, त्याला तुम्ही सांगता की सदोष गाडी घेऊ नकोस. बरं, नाही घेतली. मग रात्री आजारी माणूस कसा न्यायचा? कोकणातल्या ज्या वाड्यांपर्यंत गाडी जात नाही, तिथून आजारी माणसं झोळीत घालून खांद्यावर आणावी लागतात. झोळी निर्दोष आहे. तिचं इंजिन बंद पडत नाही. पण वेळेत पोचत नाही. न घेण्यालाही किंमत असते, आणि तीसुद्धा त्याच म्हातारीला मोजावी लागते.

हे खरं आहे. म्हणूनच 'दोष असलेली गाडी घेऊ नये' असा नियम मी मांडत नाही. तो नियम पाळायचा तर डोंगरातल्या निम्म्या गाड्या उभ्या कराव्या लागतील. पण आक्षेपातून जे सिद्ध होतं ते एवढंच, की गाडी घेणं योग्य असू शकतं. इंजिन तसंच ठेवून, काही न सांगता माणसं वाहणं योग्य आहे, हे त्यातून निघत नाही. 'गरिबाला परवडत नाही' हे वाक्य बोलताना एक बघावं: घेणारा गरीब आहे, आणि हौद्यात बसणारा त्याहून गरीब आहे. पहिल्याच्या अडचणीचा भार दुसऱ्यावर टाकला तर ती गरिबाची बाजू घेणं होत नाही.

लोक आपल्या मर्जीनं चढतात, हा दुसरा बचाव. पण मर्जी म्हणायला दोन गोष्टी लागतात: दुसरा मार्ग आणि माहिती. दुसरा मार्ग त्यांच्याकडे नाही, आणि तो देणं एकट्या गाडीवाल्याच्या हातात नाही. ते रस्ता, एसटी आणि आरोग्यसेवा चालवणाऱ्यांचं देणं आहे. माहिती मात्र त्याच्या हातात आहे. जे आपल्या हातात नाही त्याची सबब सांगून जे हातात आहे ते सोडायचं, हा युक्तिवाद म्हणून लंगडा आहे.

मग त्या माणसानं काय करावं? माझं उत्तर त्या दीड लाखांत आहे. मिळालेली सूट हा नफा नव्हे. धड गाडी आणि ही गाडी यांच्यातला जो फरक आहे, तो भरून काढायला ते पैसे त्याच्याकडे आले आहेत. ती अनामत आहे, आणि ती त्याची एकट्याची नाही. विकणाऱ्यानं ती सोडली आणि घेणाऱ्याच्या हाती आली, पण ती ज्या धोक्याची किंमत आहे, तो धोका वाडीनं उचलायचा आहे. त्या पैशांतून इंजिन बांधून घेतलं तर व्यवहार पुरा झाला. गाडी जवळपास साडेचार लाखांचीच पडली. स्वस्त मिळाली असं म्हणता येणार नाही, पण दोन टप्प्यांत पैसे भरायची सोय झाली. त्याच पैशांतून घराचा पत्रा बदलला, आणि गाडी 'खेचत' राहिली, तर त्यानं घर दुसऱ्यांच्या जिवावर शाकारलं.

म्हणून गाडी बघायला जाताना मूळ प्रश्नच बदलायला हवा. 'ही किती स्वस्त मिळते' हे विचारण्याआधी 'मिळालेली सूट मी हिच्यातच घालू शकतो का' हे विचारावं. उत्तर हो असेल, तर गाडी घ्यायला हरकत नाही, आणि घासाघीस करायला तर मुळीच नाही. जितकी सूट जास्त, तितकं काम नीट होईल. तीन लाख उभे करतानाच दम निघाला असेल आणि इंजिनाला पुढची दोन वर्षं पैसे येणार नसतील, तर ती गाडी त्याच्यासाठी तीन लाखांची नाही. ती त्याला परवडतच नाही, कारण उरलेले पैसे कोण भरणार ते त्याला माहीत आहे.

सगळेच दोष सारखे नसतात, हेही खरं. दार लागत नाही, पत्रा गंजला, ऑइल पितं, धूर काढतं. यांतले पहिले तीन मालकाच्या खिशाला आणि कपड्यांना लागतात, चौथा मागून येणाऱ्यांच्या नाकाला. ते घेऊन गाडी चालवावी. बहुतेक जुन्या गाड्या अशाच चालतात. पण जो दोष उतारावर उगवतो, तो दुरुस्त होईपर्यंत त्या गाडीत सिमेंट जावं, माणसं जाऊ नयेत. आणि रात्री दार वाजलंच, दुसरी गाडी नाहीच, तर? तर जावं. पण निघण्याआधी सांगावं: "काका, इंजिन बंद पडतंय हिचं. मी पहिल्या-दुसऱ्यातच उतरणार, वेळ लागेल. एक तरणा पोरगा दगड घेऊन मागे बसू दे." एवढं सांगायला पंधरा सेकंद लागतात. ऐकणारा बहुधा बसतोच. पण आता तो ठरवून बसलेला असतो, आणि पोरगा दगड घेऊन तयार असतो.

हे बोलणं सोपं नाही. आपल्याच दारातल्या गाडीबद्दल असं सांगणं म्हणजे चार लोकांत कमीपणा घेणं, आणि उद्याचं भाडं दुसऱ्याकडे जाण्याचा धोका पत्करणं. माणूस लबाड असतो म्हणून गप्प बसतो असं नाही. बऱ्याचदा तो लाजतो म्हणून गप्प बसतो. पण विकणाऱ्यालाही हाच संकोच असतो, आणि त्याला आपण तो माफ करत नाही. आपला माणूस गाडी बघायला गेला तेव्हा समोरच्यानं खरं सांगावं, एवढीच त्याची अपेक्षा होती, आणि ती पुरी झाली. समोरच्यानं कमीपणा घेतला, दीड लाख सोडले, आणि जे होतं ते सांगितलं. गाडीसोबत ते सांगणंही त्यानं विकत घेतलं आहे. चावी खिशात टाकताना ते तिथेच ठेवून येता येत नाही.